भिंतीचा ताप बघणारे सर

एसी बसवणाऱ्या कंपनीचा पगार घेऊन गिऱ्हाइकाला कमी एसी घ्यायला लावणारा एकच माणूस मी पाहिला. दुबईत रास अल खोरला आमचं वर्कशॉप होतं. पत्रा कापायचा, वाकवायचा, त्याचे गार हवेचे डक्ट करून नव्या व्हिलांमध्ये नेऊन बसवायचे, असा धंदा. वर्कशॉपच्या माळ्यावर ऑफिस होतं आणि तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर सर बसत. कुठल्या खोलीला किती टनाचं मशीन लागेल हे ठरवणं त्यांच्याकडे. बाकीचे इंजिनियर हिशोबात निघेल त्यावर थोडं चढवूनच धरत. क्लायंट निर्धास्त, शेठ खूश. सर मात्र निघालेल्या आकड्याकडे संशयानं बघत बसायचे आणि मग शेजारच्याला विचारायचे, "एवढी उष्णता येते कुठून पण?"

मी चिपळूणहून डिप्लोमा करून ड्राफ्ट्समन म्हणून तिथं लागलो, तेव्हा कुवेतची लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. शारजाच्या हद्दीलगत अल कुसैसला मी चारजणांच्या खोलीत राहायचो आणि सरांचं बिऱ्हाड दोन गल्ल्या सोडून होतं. त्यामुळे जाता-येता त्यांच्या गाडीत बसायचं भाग्य मला मिळालं. भाग्य म्हणतो खरा, पण एसी विकणाऱ्या माणसाच्या गाडीत एसी बंद असे. मोटारीचा एसी पेट्रोल खातो, काचा खाली केल्या तर वारा फुकट येतो, असं त्यांचं म्हणणं. जूनमध्ये तो वारा तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा यायचा. मी रुमालानं मान पुसत बसे आणि सर रस्त्याकडेच्या इमारतींवर भाष्य करत असत. या बिल्डिंगची पश्चिमेकडची बाजू सगळी काचेची आहे, म्हणजे दुपारी चारनंतर आत बसणारा माणूस आणि कुकरमधला बटाटा यांत फरक नाही. त्या बिल्डिंगला निदान गॅलरीची सावली आहे. असं चालायचं ऑफिस येईपर्यंत.

कोणाच्याही घरी गेले की ते आधी भिंतीला हात लावत. तळवा नाही, पालथा हात. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा. मग दाराला, मग खिडकीच्या चौकटीला. यजमान "बसा, बसा" म्हणत उभे आणि सर घरभर फिरून आल्यावरच बसत. काकू, म्हणजे सरांची बायको, बरोबर असल्या की त्यांची मान खाली जायची. एकदा आमच्या ऑफिसातल्या एका केरळी सहकाऱ्याच्या मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी बेडरूमच्या कपाटामागे हात घालून, ही भिंत आजारी आहे, असं जाहीर केलं. त्या माणसाच्या बायकोला वाटलं, हे वास्तूबिस्तू बघतात. तिनं मग स्वयंपाकघरही दाखवलं.

त्यांचं दुसरं हत्यार म्हणजे उदबत्ती. खिशात पुडा असायचाच. दारं-खिडक्या बंद करून ते फटीफटीशी पेटती उदबत्ती धरत आणि धूर कुठं वळतो ते डोळे बारीक करून बघत. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा गेला तर तिथून गार हवा पळतेय. पैसे भरून थंड केलेली हवा आपण रस्त्यावर ओततो, असं ते म्हणत. ते शोधणं त्यांना इतकं आवडायचं, की फट सापडली की चेहरा खुलायचा, मासा गळाला लागल्यासारखा.

घरी त्यांच्या या संशोधनाचा सगळा भार काकू आणि त्यांची मुलगी सोसत होत्या. मुलगी तिथंच वाढलेली. सर मराठीत विचारत, ती इंग्लिशमध्ये उत्तर देई. एका उन्हाळ्यात सरांनी फ्लॅटच्या सगळ्या खिडक्यांना बाहेरून चंदेरी फॉइल लावलं आणि फटी टेपनं बंद केल्या. एसी खरंच निम्म्या वेळात बंद व्हायला लागला. पण काकूंनी सुरमई तळली की वास तिसऱ्या दिवसापर्यंत घरातच राही, आणि गाद्यांना कुबट वास यायला लागला. मुलगी म्हणाली, "बाबा, वुई लिव्ह इन अ थर्मॉस." सर ऑफिसात असताना काकूंनी स्वयंपाकघरातली टेप सुरीनं कापून खिडकी सताड उघडली आणि ती परत कधी बंद होऊ दिली नाही. त्यावर सरांनी भांडण केलं नाही. हवा बदलायला हवी हे आपण धरलंच नव्हतं, असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलं, जणू काकूंनी प्रयोगच करून दाखवला होता.

गीझरची युक्तीही मला त्यांनीच शिकवली. तिकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात, की थंड पाण्याचा नळ सोडला तर हात भाजतो. सर म्हणाले, गीझरचं बटण मे महिन्यात बंद करून टाक. तो घरात असतो, त्यातलं पाणी निवत राहतं. मग गरम पाण्याचा नळ सोड, गार पाणी येईल. तिथं मुरलेल्या लोकांना हे ठाऊक असतं, मला नवल वाटलं. पण सर तिथं थांबले नाहीत. हिवाळ्यात दुबईचं पाणीही अंगावर काटा आणतं आणि सगळी बिल्डिंग सकाळी गीझर लावते. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना पाणी तापवायला वीज कशाला, म्हणून त्यांनी गच्चीवर काळ्या पाइपाची भलीमोठी वेटोळी केली आणि आपल्या न्हाणीघराला जोडली. बिल्डिंगच्या राखणदारानं, म्हणजे नातूरनं, आधी आरडाओरडा केला. नंतर तोच त्या पाण्यानं दुपारची अंघोळ करायला लागला. सकाळी मात्र पाणी कोमटच असे, कारण रात्रभरात ते निवायचं. सर म्हणून दुपारी जेवायला घरी येत आणि तेव्हा अंघोळ करून पुन्हा ऑफिसात जात. केस ओले घेऊन मीटिंगला बसलेला इंजिनियर क्लायंट लोकांना विचित्रच वाटत असणार.

बाजारात गेलं की त्यांचा निराळाच उद्योग. तिकडे लोक दुकानाबाहेर गाडी चालू ठेवून खरेदीला जातात, परत येईपर्यंत गाडी गार राहावी म्हणून. सर अशा गाडीच्या काचेवर टकटक करून आत बसलेल्याला विचारत, इंजिन का चालू आहे? रागानं नाही, खरोखर जाणून घ्यायला. बरेच जण हसून सोडून देत. एकदा एका पठाणानं काच खाली करून मागच्या सीटकडे बोट दाखवलं. तिथं तान्हं मूल झोपलं होतं. सरांनी हात जोडून माफी मागितली.

या वेडाचं मूळ मला पुष्कळ उशिरा कळलं. अल ऐनच्या बाजूला एका साइटवर जात होतो. दोन्हीकडे वाळू, मध्ये सरळसोट रस्ता, आणि सर सांगायला लागले. सरांचे वडील मिरजेजवळ चिनीमातीच्या बरण्यांचा कारखाना चालवत. भट्टी फर्नेस ऑइलवर चालायची. सर शिकून तिथंच कामाला लागले होते, आणि सत्तरच्या दशकात तेलाचे भाव एकदम भडकले. भट्टी आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा पेटायला लागली, आणि एका दिवाळीनंतर पेटलीच नाही. कामगार आपापल्या वाटेनं गेले. वडील रोज सकाळी जाऊन थंड भट्टीपाशी खुर्ची टाकून बसत.

"मला राग नाही आला," सर म्हणाले. "मला प्रश्न पडला. इतक्या लांब कुठल्यातरी वाळवंटात काहीतरी ठरतं, आणि मिरजेत आमची बरणी कच्ची राहते. हे काय आहे, म्हटलं, जाऊन बघू या तरी."

म्हणून ते तिकडे आले. इतर लोक पैशासाठी आले, हे तेल बघायला आले. ते म्हणायचे, आपला देश दुसऱ्याच्या नळाला तोंड लावून बसलाय. नळवाल्यानं नळ बंद केला तर त्याला शिव्या देऊन काय होणार? तहान कमी करायला शिकलं पाहिजे. मी विचारलं, मग ते शिकायला इथं, जिथं नळच यांचा आहे? त्यावर ते म्हणाले, जिथं सगळ्यात जास्त सांडतं तिथंच कळतं ना, कुठून सांडतं ते.

ती साइट एका म्हाताऱ्या अरबाच्या घराची होती, आणि त्या घरामुळेच पुढचं सगळं झालं.

म्हातारा पूर्वी गलबतावर होता. मुंबई बंदरात त्याच्या पुष्कळ खेपा झालेल्या, त्यामुळे हिंदी चांगली बोलायचा. मुलगा सरकारी ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. मुलानं नव्या घरासाठी सगळ्यात मोठी मशीनं बघून ठेवली होती. पहिल्याच भेटीत सरांनी जुन्या घरात उदबत्ती पेटवली तेव्हा मुलगा चमकला. ही काही धर्माची गोष्ट आहे का, असं त्यानं मला हळूच विचारलं. मी धुराचं कारण सांगितलं. म्हातारा ते ऐकत होता. तो उठला, आतून धुपाटणं घेऊन आला, त्यात निखाऱ्यावर ऊद ठेवला आणि सरांच्या हातात दिलं. म्हणाला, धूरच बघायचा तर चांगल्या वासाचा बघ. मग ते दोघे धुपाटणं घेऊन त्या घरातल्या एकेका दाराशी वाकून उभे राहिले. मुलगा घड्याळ बघत होता.

त्यानंतर सर तिथं कामाशिवायही जायला लागले. वीज नव्हती तेव्हा उन्हाळा कसा काढायचात, हे त्यांना म्हाताऱ्याकडून ऐकायचं होतं. म्हातारा सांगे, खजुराच्या झावळ्यांची घरं असायची, भिंतीतून वारा जायचा. उन्हाळ्यात अख्खं कुटुंब उंटांवरून बागांकडे राहायला जायचं. सर लहान मुलासारखे प्रश्न विचारत. झावळ्या ओल्या करायचात का? दार कुठल्या दिशेला? दुपारी बायका कुठं बसायच्या? यातून नव्या घराचा नकाशाच बदलला. भिंती दुहेरी झाल्या, मध्ये थर घातला. छपरावर जाड आच्छादन आलं, पश्चिमेच्या खिडक्या अरुंद झाल्या, चारी बाजूंनी खोल व्हरांडा आला आणि बाहेर कडुनिंब लागले. आणि मशीनं राहिली मुलानं धरली होती त्याच्या निम्मी.

शेठनं कागद बघितला तेव्हा मी समोर होतो. तो ओरडला नाही. त्यानं सरांना शांतपणे विचारलं, की गरम झालं आणि तक्रार आली तर कोण उभं राहणार. सर म्हणाले, "ते घर थंड राहिलं नाही तर मी माझा व्हिसा कॅन्सल करतो."

तिकडे व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की घर, शाळा, गाडी, सगळं काही दिवसांत आवरून देश सोडायचा. काकूंना ही गोष्ट माझ्या तोंडून कळली, आणि त्या हातातलं लाटणं खाली ठेवून नुसत्या बसल्या.

पहिला उन्हाळा आला. आम्ही जूनमध्ये गेलो. सरांनी पालथा हात भिंतीला लावला आणि मला खूण केली, तू पण लाव. बाहेर डोळे उघडवत नव्हते आणि भिंत माठासारखी होती. म्हाताऱ्याच्या बायकोनं आतून निरोप पाठवला, की एका खोलीतलं मशीन तिनं बंदच केलंय, रात्री पांघरूण घ्यावं लागतं. परत येताना सरांनी गाडीचा एसी लावला.

जुलैत म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ वारला. दुखवट्याला माणसं यायला लागली. त्यांच्यात तीन दिवस घर उघडं असतं. मजलिस म्हणजे पाहुण्यांची मोठी बैठक, तिथं घरचा कर्ता बसतो आणि येईल त्याला उठून भेटतो. नातेवाईक, शेजारी, गावचे, ओळखीचे, एक घोळका बाहेर पडायच्या आत दुसरा यायचा. दोन्ही दरवाजे सकाळपासून उघडेच. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा माणसांना भेटता भेटता खाली कोसळला. त्याला हॉस्पिटलात नेलं. उन्हाचा ताण, असं डॉक्टर म्हणाले.

मुलाचा फोन शेठला आला आणि शेठनं सरांना हाक मारली. आम्ही दोघं निघालो. मजलिसमध्ये शिरताच मला जाणवलं, की बाहेरच्यात आणि आतल्यात काही फरक नाही. माणसं दाटीवाटीनं बसली होती, कुराणाचं पठण चालू होतं, कॉफी फिरत होती. सरांनी सवयीनं भिंतीला हात लावला. मीही लावला. भिंत गारच होती. ते उघड्या दारांकडे बघत राहिले, मग बसलेल्या माणसांकडे, मग पुन्हा दारांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. फट सापडल्यावर यायचा तोच भाव होता, फक्त हसू नव्हतं.

मुलगा समोर येऊन उभा राहिला. हळू आवाजात बोलला, पण अंगार होता त्यात. सरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग हिंदीत म्हणाले, "दीवार गिनी, धूप गिनी. आदमी नहीं गिने. ग़लती मेरी है।"

हॉस्पिटलात आम्हाला आत सोडतील असं वाटलं नव्हतं. म्हाताऱ्यानंच बोलावलं. सलाइन चालू होतं, आवाज खोल गेला होता. सर सांगायला लागले, की दोन दारांच्या मध्ये एक छोटी खोली काढली, एक दार लागल्यावरच दुसरं उघडेल असं केलं, तर... म्हाताऱ्यानं हात वर करून त्यांना थांबवलं.

"मुहंदिस," तो म्हणाला. इंजिनियरला ते मुहंदिस म्हणतात. "वो दरवाज़ा बंद नहीं होगा।"

सर म्हणाले, बरोबर आहे. मजलिसला मोठी मशीनं लागतील. आणि त्यांनी स्वतः उभं राहून ती बसवून घेतली. बाकीच्या घराला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही, आणि म्हातारा बरा होऊन आल्यावर त्यानंही मुलाला लावू दिला नाही.

शेठच्या दृष्टीनं प्रकरण तिथं संपलं. मशीनंही खपली होती. व्हिसाची गोष्ट बोलायची म्हणून बोलली, खलास, असं तो म्हणाला. पण सरांनी राजीनामा टेबलावर ठेवला. शेठला आधी ती नाटकं वाटली, मग तो खरोखर गडबडला. म्हातारा खजुराची पेटी घेऊन मुलाबरोबर वर्कशॉपवर आला. पत्रा कापायच्या आवाजात दोघं एका बाकावर बसून बराच वेळ बोलले. जाताना म्हाताऱ्यानं सरांचा खांदा दाबला आणि मान हलवली, म्हणजे जमलं नाही हे आम्हाला कळलं.

काकू संतापल्या होत्या. मुलगी त्याच वर्षी पुण्याला कॉलेजात जाणार होती, त्यामुळे शाळेचा प्रश्न नव्हता. पण बसलेली घडी अशी मोडायची कशासाठी, हे त्यांना समजत नव्हतं. कोणी मागितलाय का तुमचा शब्द, असं त्या पुन्हापुन्हा विचारत. मीही एकदा गाडीत तेच विचारलं. सर म्हणाले, इथं उष्णता आत येऊ न देणं शिकलो. आता ती बाहेर जाऊ न देणं शिकायचंय. लडाखमध्ये हिवाळ्यात माणसं रॉकेल जाळून घर गरम ठेवतात. ते रॉकेल खालून ट्रकनं घाट चढून जातं, म्हणजे तेल वाहायला तेल. तिथं उन्हावर तापणाऱ्या खोल्या बांधणारी काही मंडळी आहेत, त्यांच्याकडे जातो. हे त्यांनी आधीच ठरवलं होतं की शब्द पाळायचा म्हणून मागाहून शोधून काढलं, ते मला आजही सांगता येत नाही. विमानतळावर काकू माझ्याशी नीट बोलल्याही नाहीत. मला वाटलं, त्या मिरजेतच राहतील.

मी त्याच कंपनीत राहिलो, सरांच्या टेबलावर बसायला लागलो. नव्या शतकाची दोन-तीन वर्षं उलटली असतील, एका जानेवारीत दुपारी ऑफिसात फोन आला. आवाज खरखरीत, मागे वारा. सर लेहच्या पलीकडच्या एका गावातल्या शाळेतून बोलत होते. खुशाली विचारलीच नाही. थेट सांगायला लागले, की दक्षिणेकडे काच, तिच्यामागे काळी जाड भिंत, दिवसभर ऊन पिते ती भिंत आणि संध्याकाळनंतर खोलीत सोडत राहते. शाळेच्या वर्गात यंदा शेगडी पेटलीच नाही. बाहेर बादलीतलं पाणी दगड होतं आणि आत पोरं कानटोपी काढून बसतात. पण एका कोपऱ्यात थंडी राहतेच, ती कुठून येते ते अजून सापडत नाही. मी काही विचारणार तेवढ्यात ते म्हणाले, ऊन डोंगरामागे चाललंय, काचेवरच्या झडपा लावायला पाहिजेत. आणि रिसीव्हर कुणाच्या तरी हातात दिला.

"मी बोलतेय," काकू म्हणाल्या.

त्या तिथं असतील असं माझ्या मनातही नव्हतं. मी कसंबसं विचारलं, काकू, तुम्ही एवढ्या थंडीत?

"अरे, पंधरा दिवसांसाठी म्हणून आले होते, यांना घेऊन जायला," त्या म्हणाल्या. मग आवाज एकदम उतरला, सर जवळपास असावेत तसा. "घर छान उबदार आहे रे. इतक्या वर्षांत यांनी केलेलं पहिलंच काहीतरी मला आवडलंय. त्यांना सांगू नकोस, नाहीतर मिरजेचं घर पाडायला घेतील."